चौथा आलेला नेव्हिल डिसूझा



या स्मरणिकेत ‘शाळेचे मानकरी’ अशी एक यादी आहे. ती तयार करण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपवले. आयुष्यभर इतिहास शिकवला, तेव्हा जुनी कागदपत्रे चाळायला हाच बरा, असा हिशेब असावा. शाळेची जुनी रजिस्टरे, गॅदरिंगचे फोटो, हॉलमधले लाकडी फलक असे सगळे धुंडाळून मी यादी केली. अभ्यासात चमकलेले, मोठ्या हुद्द्यावर गेलेले आणि खेळात जिल्ह्यात पहिला, दुसरा किंवा तिसरा क्रमांक आणलेले. मोजमाप सोपे होते. फलकावर नाव असेल तर यादीत नाव.

यादी छापखान्यात गेली आणि त्याच रात्री मला १९७४ चा आपला फुटबॉलचा संघ आठवला. जिल्हा शालेय स्पर्धेत आपण उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलो होतो. तो सामना हरलो आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या जागेसाठीचाही हरलो. प्रमाणपत्रे तीन क्रमांकांपर्यंतच होती. मी त्या संघात राखीव खेळाडू होतो, म्हणजे पाण्याची बादली आणि सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत होतो. आपले बहुतेक सगळे गोल एकाच मुलाने मारले होते. संध्याकाळी इतवारीहून नॅरोगेजच्या गाडीने परतताना डब्यात कोणी कोणाशी बोलत नव्हते. तेव्हा पी.टी.चे सर म्हणाले, “काहून रे पोट्टेहो, सुतक लागल्यावानी बसले? नेव्हिल डिसूझा बी चौथाच आला होता.”

नेव्हिल डिसूझा कोण, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते. सरांनी पाटणसावंगी येईपर्यंत ती गोष्ट सांगितली. ऑलिम्पिकमध्ये एकाच सामन्यात तीन गोल मारणारा मुंबईचा पोरगा! आम्ही माना डोलावल्या, पण खरे कोणालाच वाटले नाही. ऑलिम्पिक म्हणजे हॉकी, एवढेच आम्हाला ठाऊक. पोरांची समजूत काढायला सरांनी काहीतरी रचले, असे मी धरून चाललो. पुढे इतिहास शिकवता शिकवता खेळांचा इतिहासही वाचनात आला, आणि सरांची गोष्ट अक्षर न् अक्षर खरी निघाली. ती आज सविस्तर लिहितो. यादीशी तिचा संबंध काय, ते शेवटी येईलच.

नेव्हिल डिसूझाचा जन्म ३ जानेवारी १९३२ चा, गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या आसगावचा. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. गोव्याची असंख्य कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पोटापाण्यासाठी मुंबईला येत. कोणी जहाजावर, कोणी गोदीत, कोणी बँडमध्ये, कोणी कचेरीत. या लोकांनी मुंबईत आपला फुटबॉलही आणला. नेव्हिलचे खेळाडू म्हणून आयुष्य घडले ते मुंबईतच. टाटा स्पोर्ट्स क्लबचा तो सेंटर फॉरवर्ड. त्या काळी आपल्याकडे खेळावर पोट भरणारा व्यावसायिक खेळाडू नव्हता. मोठ्या कंपन्या, रेल्वे, पोलीस, लष्कर यांचे संघ असत आणि चांगल्या खेळाडूला त्यांच्यात जागा मिळे. टाटा आणि कॅल्टेक्स ही मुंबईतल्या अशा संघांची मोठी नावे. कूपरेज मैदानावर हार्वूड लीगचे सामने रंगत आणि रोव्हर्स कपसाठी कलकत्ता, हैदराबाद येथील बलाढ्य संघ मुंबईला येत. १९५४ मध्ये मुंबईने पहिल्यांदाच संतोष ट्रॉफी जिंकली. ते दिवस असे होते.

नेव्हिल भारताकडून खेळू लागला तेव्हाच्या राजकारणाकडेही इतिहासाचा मास्तर म्हणून मला लक्ष वेधावेसे वाटते. ऑगस्ट १९५५ मध्ये गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली, रेल्वे थांबली. मुंबईतल्या गोवेकरांना स्वतःच्या गावी जाणे दुरापास्त झाले. आणि पुढच्याच वर्षी, पोर्तुगिजांच्या अमलाखालच्या गावात जन्मलेला हा तरुण भारताचा शर्ट घालून ऑलिम्पिकमध्ये उतरला. गोवा मुक्त व्हायला अजून पाच वर्षे होती.

आता थोडे मागे जाऊ, कारण मेलबर्नचे मोल हेलसिंकी ठाऊक असल्याशिवाय कळत नाही. स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ पहिल्यांदा ऑलिम्पिकला गेला तो १९४८ मध्ये लंडनला. बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सशी २-१ असे हरले, तेही दोन पेनल्टी वाया घालवून. हरले तरी वाहवा झाली. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत इराणला हरवून सुवर्णपदकही मिळाले. त्यामुळे बूट नसले तरी आपले चालते, असा एक समज बळावला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकने तो उतरवला. थंडीत, ओल्या मैदानावर युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे हरवले. आपला एकमेव गोल अहमद खानचा. या पराभवानंतर फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

संघाला शहाणे करणारा दुसरा माणूस होता तो प्रशिक्षक, सय्यद अब्दुल रहीम. मूळचे हैदराबादचे शाळामास्तर! आपल्या गुरुजनांना हे वाचून बरे वाटेल. रहीमसाहेबांच्या शिकवण्याच्या काही युक्त्या आजच्या पी.टी.च्या तासालाही चालतील. ते अशा स्पर्धा घेत की ज्यात चेंडू पायात खेळवत नेणे मनाच. आला की दुसऱ्याला द्यायचा. कधी फक्त कमजोर पायाने खेळायचे, म्हणजे उजव्याला डावा पाय वापरणे भाग पडे. एकट्याने चार जणांना चकवून वाहवा मिळवायची आपली जुनी खोड त्यांनी अशी मोडली. हंगेरीच्या संघाने १९५३ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असे लोळवले होते. त्या पद्धतीचा रहीमसाहेबांनी अभ्यास केला. पुढच्या फळीतल्या एकाने थोडे मागे राहून चेंडू पुरवायचा आणि दुसऱ्याने मोकळ्या जागेत घुसायचे, ही ती रीत. अशा खेळात गोलाच्या तोंडाशी नेमक्या क्षणी हजर असणारा माणूस लागतो. तो माणूस नेव्हिल.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकच्या संघाचा कर्णधार होता समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी. संघात पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम, कन्नन, किट्टू म्हणजे कृष्णस्वामी, केम्पय्या, सलाम, नूर मोहम्मद अशी एकापेक्षा एक नावे. गोलरक्षक होते पीटर थंगराज आणि एस. एस. नारायण. बंगाल, हैदराबाद, मद्रास, म्हैसूर, मुंबई सगळे एका संघात.

ऑलिम्पिकमध्ये फुटबॉलचे फक्त ११ देश उरले होते. सुएझचा पेच आणि हंगेरीतला उठाव यांमुळे अनेकांनी अंग काढून घेतले. भारताची पहिली गाठ हंगेरीशी होती; तो संघ आलाच नाही आणि आपण न खेळताच पुढे गेलो. उपांत्यपूर्व फेरीचा सामना १ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी झाला. नवव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल, एक्केचाळिसाव्याला पुन्हा मॉरो. मध्यंतराला २-२. पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलचा तिसरा गोल आणि ऐंशीव्याला किट्टूचा चौथा. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू ठरला आणि उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश.

उपांत्य सामना ४ डिसेंबरला, आणि समोर तोच युगोस्लाव्हिया, ज्याने चार वर्षांपूर्वी आपल्याला दहा गोल चारले होते. मध्यंतरापर्यंत ०-०. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि भारत पुढे गेला. वर्गात हे सांगताना मी फळ्यावर दोन आकडे शेजारी शेजारी लिहीत असे: १९५२ मध्ये १-१० आणि १९५६ मध्ये १-०. मुले विचारायची, “सर, मग जिंकलो?” नाही. ती आघाडी दोनच मिनिटे टिकली. चौपन्नाव्या मिनिटाला पापेचने बरोबरी केली, सत्तावन्नाव्याला वेसेलिनोविचने त्यांना पुढे नेले, पासष्टाव्याला पुन्हा पापेच, आणि अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला सलामचा पाय लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. १-४. आपल्याकडे त्या काळी स्पर्धांचे सामने ७० मिनिटांचे असत. ९० मिनिटांचा दम हा वेगळाच हिशेब होता.

कांस्यपदकाच्या सामन्यात ७ डिसेंबरला बल्गेरियाने आपल्याला ३-० ने हरवले. चौथा क्रमांक. नेव्हिलच्या खात्यावर चार गोल. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारे तिघे, सगळे चार-चार गोलांचे: युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच, बल्गेरियाचा मिलानोव आणि भारताचा डिसूझा. पहिल्याच्या गळ्यात रौप्यपदक पडले, दुसऱ्याच्या गळ्यात कांस्यपदक. तिसऱ्याच्या गळ्यात काही नाही.

यावर कोणी म्हणेल, आणि माझ्याच एका सहकाऱ्याने स्टाफरूममध्ये म्हटलेही होते, की “अहो, निम्मे देश आलेच नव्हते. हंगेरी आली असती तर तुमचा डिसूझा तिथेच संपला असता.” प्रश्न रास्त आहे. हंगेरीशी काय झाले असते ते सांगता येत नाही. पण ऑस्ट्रेलियाच्या घरी त्याला हरवले, हे नशिबाने होत नाही. त्याच डिसेंबरात सिडनीला मैत्रीपूर्ण सामन्यात भारताने त्यांना पुन्हा ७-१ असे हरवले. आणि युगोस्लाव्हिया तर अंतिम सामन्यापर्यंत गेलेला संघ. त्याच्याविरुद्ध चार वर्षांपूर्वीची दाणादाण आणि आताची झुंज, यांतला फरक कमावलेला होता.

मग एवढा पराक्रम विस्मरणात का गेला? यावर मी बराच विचार केला. चौथा क्रमांक हे कारण आहेच. पण त्या आठवड्याची दिनदर्शिका आपण सावनेरकरांनी, नागपूरकरांनी समोर ठेवली पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली. आपला विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे राजधानीपण संपले. म्हणजे नेव्हिलने ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले तेव्हा तो आणि आपण एकाच राज्याचे होऊन जेमतेम महिना झाला होता. ६ डिसेंबरला भारताने हॉकीत पाकिस्तानला १-० असे हरवून सुवर्ण जिंकले. आणि त्याच ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला मेलबर्नमध्ये कांस्यपदकाचा सामना झाला, त्या दिवशी मुंबईत दादरच्या चौपाटीकडे लाखो लोक अंत्ययात्रेत चालत होते. अशा वेळी फुटबॉलमधल्या चौथ्या क्रमांकाची बातमी कोण वाचणार? कोणी वाचली नसेल तर त्यात दोष कोणाचाच नाही. दोष लागतो तो नंतर, जेव्हा दिवस सावरतात आणि तरीही कोणी मागे वळून पाहत नाही.

नेव्हिलच्या बाबतीत तसेच झाले. १९६० च्या रोम ऑलिम्पिकच्या संघात तो नव्हता. त्यानंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिम्पिकला आजवर गेलेला नाही. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले; त्याच्याबरोबर खेळलेल्यांना ते मिळाले, नेव्हिलला मिळाला नाही. १९६२ मध्ये जकार्ताला रहीमसाहेबांच्या संघाने दक्षिण कोरियाला हरवून आशियाई सुवर्ण आणले आणि पुढच्याच वर्षी रहीमसाहेब गेले. फुटबॉलच्या सुवर्णकाळाची गोष्ट निघाली की ती जकार्तापाशी येऊन थांबते, कारण तिथे पदक आहे. अलीकडे रहीमसाहेबांवर ‘मैदान’ नावाचा हिंदी चित्रपट आला, त्याचा शेवटही जकार्ताचाच. १७ मार्च १९८० रोजी नेव्हिल वारला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. आज मुंबईत वांद्र्याला फुटबॉलच्या मैदानाला त्याचे नाव आहे. तिथे संध्याकाळी खेळणाऱ्या पोरांपैकी कितींना हा माणूस ठाऊक असेल?

आपल्या भागाला फुटबॉल परका नाही. कामठीत फुटबॉलचे वेड किती, हे ज्यांनी तिथे सामना खेळला आहे त्यांना सांगायला नको. नागपुरात विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल उभा केला आणि ‘झुंड’ चित्रपटामुळे तो देशभर पोहोचला. आणि दुसऱ्या गावच्या माणसाला आपले म्हणून जपणे हेही सावनेरला नवे नाही. राम गणेश गडकरी जन्मले नवसारीला, कीर्ती मिळवली पुण्या-मुंबईकडे, आणि २३ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी देह ठेवला तो आपल्या सावनेरात. तेवढ्या शेवटच्या नात्यावर आपण त्यांचे नाव शंभर वर्षे अभिमानाने सांगत आलो. तेव्हा आसगावच्या एका मुलाची आठवण सावनेरच्या स्मरणिकेत आली तर ती वावगी वाटू नये.

आता यादीकडे वळतो.

१९७४ च्या आपल्या संघात गोल मारणारा तो मुलगा तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. दहावीच्या आधीच त्याने शाळा सोडली आणि कोळसा खाणीत कामाला लागला. तिथेच निवृत्त झाला. रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे ‘शाळा सोडली’ एवढाच शेरा आहे. फलकावर तो नाही, कारण आपण चौथे आलो. पन्नास वर्षांनी मी यादी केली, आणि वर्गात नेव्हिल डिसूझाची गोष्ट पोरांना घोळून घोळून सांगणाऱ्या या मास्तराने तीच चूक केली. मोजमाप माझेच होते. फलक पाहिला आणि नाव उतरवले.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात जाऊन यादी परत मागितली. मग त्याच्या घरी गेलो. तो अंगणात खाटेवर बसला होता. मी सगळे सांगितल्यावर तो हसला आणि म्हणाला, “आता काहाले माझं नाव टाकतं बाप्पा? चौथे आलो होतो नं आपण.” मी म्हटले, नेव्हिल डिसूझा आठवतो का? तो क्षणभर थांबला. म्हणाला, “ते आपल्या सरांनी गाडीत सांगितलेलं? मले वाटे सरांनी बनवलेलं होतं.” मग मी त्याला मेलबर्नचे चारही गोल मिनिटांसह सांगितले. युगोस्लाव्हियाच्या सामन्यापाशी त्याने विचारले, “मंग, पुढे होतो नं आपण? किती वेळ?” दोन मिनिटे, मी म्हटले. तो बराच वेळ बोलला नाही.

त्याच्या एकट्याचे नाव टाकायला त्याने नकार दिला. टाकायचेच तर सगळ्या संघाचे टाक म्हणाला. म्हणून या लेखात त्याचे नाव नाही, पण यादीत १९७४ च्या संघाची सगळी नावे आता छापली आहेत, पुढे ‘जिल्ह्यात चौथा क्रमांक’ असा स्पष्ट शेरा देऊन. राखीव खेळाडूंची नावे त्याच्याच आग्रहाने घातली आहेत. इतर वर्षांचे असे जे कोणी सुटले असतील त्यांनी, किंवा त्यांच्या वर्गमित्रांनी, समितीला कळवावे. पुरवणी काढू.

आणखी एक. मेळाव्याच्या दिवशी सकाळी नाश्त्याआधी शाळेच्या मैदानावर माजी विद्यार्थ्यांचा एक सामना ठेवला आहे. रहीमसाहेबांचा नियम लावायचा ठरले आहे, म्हणजे फक्त कमजोर पायाने खेळायचे. आपल्या वयात दोन्ही पाय कमजोरच आहेत, त्यामुळे कोणाची अडचण होऊ नये. पाण्याची बादली मी सांभाळीन.